गॅस्केटला राहिलेला वास

"सर, बघा! सगळं चकाचक!"

वर्कशॉपच्या दारात सेवा क्लबची तन्वी उभी होती. बक्षीस घ्यायला स्टेजवर चढल्यासारखी हसत होती. मी आत डोकावलो आणि माझ्या तोंडून "अरे देवा!" एवढंच निघालं.

मी पनवेलच्या एका शाळेत नववी-दहावीला इलेक्ट्रिकल शिकवतो. व्होकेशनल विषय म्हटला की क्लब आलाच. आमच्या इलेक्ट्रिकल क्लबचा वर्षातला मोठा कार्यक्रम एकच, दिवाळीआधीचं मिक्सर शिबिर. लोक सकाळी बिघडलेले मिक्सर आणून देतात, मुलं माझ्या देखरेखीखाली ते दुरुस्त करतात आणि संध्याकाळी लोक घेऊन जातात. बहुतेकांचा कपलर गेलेला असतो. कपलर म्हणजे मोटर आणि जार यांना जोडणारं काळं दातेरी चाक. ते झिजलं की मोटर नुसती ओरडते, जारमधलं पातं काही हलत नाही.

यंदा मात्र आमचा जीव टांगणीला लागला होता. आमच्या मुख्याध्यापिका प्रधान मॅडम यांनी नवीन आरोग्य क्लब काढला होता आणि त्यांना आमच्या वर्कशॉपची खोली हवी होती. दर सोमवारी प्रार्थनेनंतर मॅडम आहारावर बोलायच्या. "मी मासे सोडले. कायमचे. कसं हलकं हलकं वाटतं!" हे वाक्य शाळेतल्या भिंतींनाही पाठ झालं होतं.

शिबिराच्या आदल्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"देशमुखसर, शिबिर नीट पार पडलं तर ठीक. पण एक जरी तक्रार आली, तर दिवाळीनंतर खोलीत योगा मॅट येणार."

"आणि आमचे टेबल, टूल्स?"

"जिन्याखाली जागा आहे ना."

जिन्याखाली! तिथे धड उभंही राहता येत नाही.

तर शिबिराच्या दुपारी दुरुस्ती संपवून मी आणि माझी पोरं वडापाव खायला बाहेर पडलो. तेवढ्यात सेवा क्लबवाले आत शिरले. स्वच्छता हा त्यांचा वार्षिक उपक्रम. त्यांनी सगळे जार साबणाने घासले, पुसले, झाकणं घट्ट लावली आणि कपाटात उंचीप्रमाणे ओळीने मांडले. मोटरी टेबलावर तशाच होत्या. पण नावाच्या चिठ्ठ्या मोटरींवर होत्या, जारवर नव्हत्या. प्रत्येक जार आपापल्या मोटरीशेजारी ठेवला की झालं, असा आमचा हिशोब.

"तन्वी, कुठला जार कुठल्या मिक्सरचा?"

तिचं हसू मावळलं. "सर... ते पण बघायचं होतं?"

आमच्या क्लबचा अध्यक्ष ओंकार म्हणाला, "सर, बसवून बघू. जो बसेल तो त्याचा." बसवून बघितले. एका कंपनीचे सगळे जार त्या कंपनीच्या सगळ्या मोटरींवर झकास बसले. डोंबल! दाराबाहेर बायकांची रांग लागायला लागली होती.

पहिल्या आल्या शाळेमागच्या सोसायटीतल्या शहाकाकी. गोंधळ ऐकून त्या रडवेल्याच झाल्या. "सर, आमच्याकडे कांदा-लसूणसुद्धा नाही. दुसऱ्या कोणाचा जार घरी नेला तर सासूबाई मला मिक्सरसकट बाहेर काढतील!"

झालं. ही तक्रार केबिनपर्यंत गेली की आम्ही जिन्याखाली.

त्यांच्या मागे रोडपालीच्या म्हात्रेकाकू होत्या. त्या पुढे आल्या, एक जार उचलला, झाकण उघडून नाकाशी धरलं.

"यो आमचा. सुकटीची चटनी हाय यात."

"काकू, साबणाने धुतलाय," तन्वी म्हणाली.

"साबनानं काय व्हतंय गो? वास रबरात बसतो."

रबर म्हणजे गॅस्केट, झाकणाखालची रिंग. तिच्यामुळे जार गळत नाही. आणि वास? तो तिच्यातून जन्मात जात नाही. हे मला माहीत होतं, पण सुचलं नव्हतं!

मग काय, सगळ्या बायका कपाटाला भिडल्या. खरबूज निवडावं तसं एकेक झाकण हुंगणं सुरू झालं. "हा इडलीचा, माझा!" "अगं, हा वाटपाचा, तुझा असेल!" शहाकाकींनी बिनवासाचा जार तीनदा हुंगला आणि छातीशी धरला. हसण्याचा आवाज ऐकून प्रधान मॅडमही दारात येऊन उभ्या राहिल्या.

शेवटी एक जार आणि एक पांढरी मोटर उरली. तिच्या चिठ्ठीवर नुसतं 'शाळा' लिहिलं होतं. सकाळी शिपाईमामा ठेवून गेले होते.

काकूंनी झाकण उघडलं. "आगं बाय! सोडे हायत यात!" सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी. काकूंनी पुन्हा हुंगलं. "आनि जुना वास नाय हा. कालचा हाय, नायतर परवाचा. कोनाचा गो हा?"

मॅडम वरच्या पंख्याकडे बघत होत्या. पंखा बंद होता.

"झालं ना सगळं? चला, घरी जा," त्या एकदम म्हणाल्या.

वर्कशॉप रिकामं झालं. मॅडमनी पांढरा मिक्सर पिशवीत घातला, जार पदराखाली घेतला. मी टेबल पुसत राहिलो.

दारातून त्या वळल्या. "देशमुखसर, खोली राहू दे तुमच्याकडे. योगा काय, मैदानावरही होतो."

"थँक यू, मॅडम."

"आणि... नवीन गॅस्केट आहे का?"

होतं. बसवून दिलं.

तेव्हापासून आम्ही शिबिरात प्रत्येक जारवरही नावाची चिठ्ठी लावतो. एका मिक्सरला मात्र लावत नाही.