अंतरपाटावरचा ठिपका

माणसाचा संयम तपासून पाहायला देवाने सासरे, मेहुणे, व्याही अशी पुष्कळ मंडळी नेमलेली आहेत. पण आमच्या साडूंची नेमणूक करताना त्याने जरा अतीच केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. पांढुर्ण्याला त्यांचं कापडाचं दुकान, चांगलं चालतं. मी सौंसरला मास्तर. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावात नुकते टीव्ही आले होते आणि सगळं पांढुर्णा गच्चीवर चढून अँटेना फिरवत होतं. साडू मात्र खाली बसून आरसे फिरवत होते.

त्याचं झालं असं, की नागपूरच्या कुणा ओळखीच्या माणसाने त्यांना खेळण्यातल्या विमानाच्या दोन चिमुकल्या मोटारी दिल्या. हातातल्या पेटीची दांडी जितकी हलवावी तितकीच ही मोटार मान वळवते आणि थांबते. साडूंनी दोन्ही मोटारींना आरशाचा एकेक तुकडा चिकटवला. एक आरसा उजेड डावी-उजवीकडे नेई, दुसरा वर-खाली. समोर जुन्या स्लाइड प्रोजेक्टरचा दिवा आणि त्याच्यापुढे भोक पाडलेला पत्रा. दांड्या हलवल्या की भिंतीवर उजेडाचा एक ठिपका फिरू लागे. याला ते चित्र काढणं म्हणत. आता ठिपका पुढे गेला की मागे काही उरत नाही, हे कोणीही सांगेल. त्यामुळे चित्र फक्त साडूंना दिसे. आम्ही नुसते मान हलवत बसायचो.

"हे पाहा, सोंड झाली. आता कान काढून राहिलो," ते म्हणत.

"सोंड कुठे आहे पण?" मी एकदा चिडून विचारलं.

"ध्यानात ठेवा न साडभाऊ! मी काढून राहिलो अन् तुम्ही पुसून राहिले!"

म्हणजे दोष आमच्या डोक्याचा. दुकानात पांढऱ्या मांजरपाटाचं ठाण उलगडून टांगलेलं असे, आणि गिऱ्हाइकाने त्यातलं कापड मागितलं तर "थांबा जी, त्याच्यावर हत्ती आहे" असं उत्तर मिळे. तिगावहून आलेली एक बाई खरोखरच हत्ती शोधत राहिली आणि शेवटी पदर सावरत समोरच्या दुकानात गेली. मी सणासुदीला गेलो की मला चहाआधी मोर पाहावा लागे. मोराला पिसारा असतो. चहा निवून जाई.

हे सगळं मी सोसलं असतं. पण त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, नंदाचं, लग्न बोरगावला ठरलं आणि साडूंनी जाहीर केलं की मंगलाष्टकं चालू असताना ते अंतरपाटावर उजेडाचं स्वस्तिक काढणार. ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, कपाळाला हात लावून बसल्या.

"अहो, अंतरपाटावर कुंकवाचं स्वस्तिक राह्यतेच न!"

"ते हालत नाही," साडू म्हणाले.

ताईंनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, तुम्ही तुमच्या साडभाऊले आवरा. बोरगावची माणसं मानपानाची कडक आहेत. पोरीचं हसं झालं तर जन्मभर तिलेच ऐकाव लागन." मी शब्द दिला. शब्द द्यायला माझं काय जात होतं! साडूंनी लग्नादिवशी संत्र्याच्या रिकाम्या पेट्या एकावर एक रचून नवरदेवाच्या मागे यंत्र चढवलं आणि मांडववाल्याकडून अर्धे दिवे बंद करवले. मी समजावलं, रागावलो, शेवटी हातही जोडले. मुलीचा बाप म्हणून पाहुण्यांत उभं राहायचं सोडून हा गृहस्थ दांड्या धरून बसलेला.

गोरज मुहूर्त. मंगलाष्टकं सुरू झाली, ठिपका अंतरपाटावर चढला. बोरगावचे एक काका मोठ्याने म्हणाले, "हे काय विंचू चढवून राहिले का कापडावर?" लोक हसले. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. दर "सावधान"ला अक्षता उडत होत्या. साडूंनी सगळा विचार केला होता, पण लग्नात तांदूळ उडतात याचा केला नव्हता. दोन्ही मोटारींच्या दात्यांत एकेक दाणा जाऊन बसला. ठिपका जागीच थांबला आणि तेवढ्यात अंतरपाट खाली आला.

उजेड थेट नंदाच्या डोळ्यांवर. हातात हार, आणि समोरचा नवरदेव दिसेना. तिने डोळे मिटले. मांडवात कुजबुज सुरू झाली. साडूंनी दांड्या ओढून पाहिल्या, मग पेटी टाकून ते पाहुण्यांना ढकलत धावले आणि त्यांनी आपला तळवा तिच्या डोळ्यांसमोर आडवा धरला. अहो, बटण बंद करायचं होतं, बटण! ते त्यांच्या हाताशीच होतं. पण नंदाने बापाच्या हाताच्या सावलीत डोळे उघडले, नवरदेवाकडे पाहिलं आणि हार घातला. वाजंत्री सुरू झाली. बोरगावच्या काकांनीही उरलेल्या अक्षता टाकल्या.

मी दिव्याच्या बटणाकडे धावलो. तिथून मला साडू समोर दिसले. हार घालून झाला तरी त्यांनी हात खाली घेतला नव्हता. ठिपका जागचा हलत नव्हता. तो त्यांच्या हातावर पडला होता, आणि साडू त्याच्याकडे बघतही नव्हते, मुलीकडे बघत होते. लग्न ठरल्यापासून हा माणूस दांड्या धरून का बसला होता, मुलीच्या लग्नाच्या याद्यांपासून आणि तिच्या पाठवणीच्या बोलण्यापासून का पळत होता, ते मला तेव्हा कळलं, आणि इतका वेळ मनात साठवलेल्या शिव्या एकदम नाहीशा झाल्या.

मी बटणावर बोट ठेवलं. मागून ताईंनी माझा हात धरला.

"राहू द्या भाऊजी," त्या म्हणाल्या, "जराक वेळ."