बांडा पाव्हणा

साप धरायला आलेला माणूस उंबऱ्याबाहेर चपला काढतो, असं तुम्ही कुठं पाहिलंय? आमचे भाऊ काढायचे. आत बायका पलंगावर चढून ओरडत असायच्या, पुरुष हातात काठी घेऊन सगळ्यात मागे उभे असायचे. भाऊ मात्र आधी चपला काढणार, तोंडं रस्त्याकडं करून जोडीनं लावणार आणि मग आत डोकावून म्हणणार, "घाबरू नका. पाव्हणा शे."

एकदा मी चिडूनच म्हटलं, "भाऊ, साप धरायला आलात की सत्यनारायणाला?"

"लोकाचं घर शे ना रे," ते म्हणाले.

त्यांची बोली अशीच, अर्धी अहिराणी, अर्धी शाळेतली. धरणगावात सगळे त्यांना भाऊच म्हणत. कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटलेलं, बायको वारलेली, एकुलती मुलगी दोंडाईच्याला दिलेली. माझं फ्रिज-कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या बाकावर ते दुपारभर बसत. कुणाचा फोन आला की काठी उचलून निघत. हल्ली मात्र फोन येतच नसत. नवीन वसाहती झाल्या, अंगणाला फरशी आली. साप तरी कुठून निघणार? भाऊ खिशातला फोन काढून बघत आणि परत ठेवत. मी म्हणायचो, बरंय ना, गाव निवांत आहे.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, ते दुकानात आले ते पाटी छातीशी धरून. पाटीत ओली माती आणि मातीत चौदा अंडी. पांढरी, लांबट, हात लावला तर चामड्यासारखी. एका शेतात पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, ढीग उचलताना धामणीची अंडी उघडी पडली होती. शेतकरी म्हणाला, फोडून टाका.

"धामण तर बिनविषारी. उंदीर धरून खास ती. तुना तो मेलेला फ्रिज दे माले," भाऊ म्हणाले.

"अंडी उबवायला फ्रिज? भाऊ, ऊन लागलं का तुम्हाला?"

पण खरं सांगू, त्यांचंच बरोबर होतं. उबवणीपेटी म्हटलं की लोक आधी बल्ब शोधतात. आमच्याकडं वैशाखात माणूसच उबून निघतो, तिथं बल्ब कशाला? धामणीच्या अंड्याला तिशीच्या आसपास ऊब लागते आणि बाहेर चव्वेचाळीस. म्हणजे पेटी गार ठेवायची. आता गार करणं हा तर माझाच धंदा! मी त्या फ्रिजचं इंजिन काढलं, नुसतं खोकं आडवं केलं, दाराला दोन भोकं पाडली. आत प्लॅस्टिकचे टब, टबात ओलसर वाळू आणि नारळाचा भुसा, त्यात अर्धी बुडवलेली अंडी. बाजूला बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या, दिवसातून तीनदा बदलायच्या. पुढं पावसाळी गारव्यासाठी एक लहान बल्ब आणि तो आपोआप बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट बसवला. इतकं मन लावून मी कुणा गिऱ्हाइकाचं कामही केलं नव्हतं.

भाऊंनी प्रत्येक अंड्याच्या डोक्यावर शिसपेन्सिलीनं फुली मारली. "ही फुली सदा वर ऱ्हायली पाहिजे. फिरवलं की पिल्लू आत मरस."

आणि मी काय केलं? एके दिवशी भाऊ मुलीकडं गेले होते. माझी मोठी बहीण, अक्का, डबा घेऊन दुकानात आली. तिनं जन्मभर कोंबड्या बसवलेल्या. पेटीत बघून म्हणाली, "अरे, कोंबडी रोज अंडी फिरवते. तुम्ही शहाण्यांनी तशीच ठेवलीत? एका बाजूनं शिजतील ना!" मलाही पटलं. आम्ही दोघांनी मिळून चौदाच्या चौदा अंडी उलटी केली, वर एकमेकांना शाबासकीही दिली.

भाऊ आले, बघितलं, पेटीपाशी बसले. मग एकेक अंडं जपून सरळ केलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण ते एवढंच म्हणाले, "तू मुद्दाम थोडंच केलं." त्या दिवसापासून, सांगतो, हा माणूस माझ्यासाठी थोरल्या भावासारखा झाला.

तीन अंडी सडली. अकरा फुटली, जुलैत. अंड्याला चीर पडून एवढंसं तोंड बाहेर आलं आणि मी इतका दचकलो की पेटीचं दार धाडकन लावलं. तेवढ्यात एक आगाऊ पिल्लू बाहेर निघालं होतं, त्याच्या शेपटीचं टोक दारात सापडून तुटलं. मी रडायच्या बेतात होतो. भाऊंनी त्याला तळहातावर घेतलं आणि हसले. "हा बांडा. हा आता तुना."

शेपूट तुटक्याला आमच्याकडं बांडाच म्हणतात. मी त्या बांड्यावर जीव लावला, हसू नका. पिल्लं सोडायला मीही येतो म्हटलं, तर भाऊ म्हणाले, "गाडीवर जागा नही." संध्याकाळी परत येऊन सांगितलं, लांब सोडली, नाल्याच्या काठाला, माणसाचा वास नाही अशा जागी. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट रंगवून सांगत सुटलो.

त्यानंतर महिनाभरात भाऊंचा फोन खणखणू लागला. आज इथं न्हाणीत, उद्या तिथं चपलांच्या कपाटात. सगळी नव्या वसाहतीतली घरं. भाऊ दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसू लागले. एका घरी नारळ मिळाला, एका घरी शेवभाजीचं जेवण. मला आनंदच वाटला. इतका कसा मी बावळट!

मग अक्काचा फोन आला. तिचंही घर त्याच वसाहतीत. आवाज रडका. न्हाणीत साप होता, ती मागं पळाली, घसरली, उजवा हात काम देईना. मीच भाऊंना गाडीवर बसवून नेलं. भाऊंनी दारात चपला काढल्या, जोडीनं लावल्या. "घाबरू नका अक्का, पाव्हणा शे." बादलीमागून त्यांनी दोनेक वीत लांबीचं पिल्लू उचललं, बरणीत घातलं. अक्काचं मनगट सुजून टम्म झालेलं, तरी ती मला म्हणते, "आधी भाऊला चहा कर, मग डॉक्टरकडं जाऊ."

ओट्यावर चहा उकळत होता. शेजारी बरणी होती. मी सहज बघितलं.

बांडा होता तो. तेच तुटकं टोक, माझ्या दारानं तुटलेलं.

माझ्या हातातली सांडशी खाली पडली. भाऊंनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच मान खाली घातली. तेवढ्यावर मला सगळं कळलं. नाल्याच्या काठावरून हा जीव सहा मैल चालत, नेमका माझ्या बहिणीची न्हाणी विचारत आला नव्हता.

मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर घालून अक्काला घरी पोचवलं आणि दुकानात आलो. भाऊ बाकावर बसले होते, बरणी मांडीवर. पळाले नव्हते, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

"अक्काचं घर माले माहीत नव्हतं रे," ते म्हणाले. "मी मागल्या गल्लीत सोडेल व्हता. बिनविषारी शे, कोनाले काय व्हनार..."

"हात मोडलाय तिचा!"

त्यांनी मांडीवरची बरणी सरळ केली. मग बरणीकडं बघत म्हणाले, "साप निघस तवयच लोके माले 'या' म्हनतस. दोन वरीस कोनी 'या' म्हटलं नही."

"आणि मी?" माझा आवाज फाटला. "मी रोज काय म्हणत होतो? ह्या बाकावर कोण बसवत होतं तुम्हाला? माझ्याच पेटीत वाढवून माझ्याच बहिणीच्या घरी? केसानं गळा कापलात, भाऊ! मी अंडी उलटी केली तेव्हा मुद्दाम केली नव्हती. तुम्ही मुद्दाम केलंत."

ते उठले. "बांड्याले मी नालावर सोडस," म्हणाले. मी बरणी हिसकावून घेतली. स्वतः गेलो, स्वतः सोडला. परत आलो तेव्हा बाक रिकामा होता.

भाऊ दोंडाईच्याला मुलीकडं गेले, असं कळलं. मी फोन केला नाही. त्यांचाही आला नाही. गावात मी कुणाला काही सांगितलं नाही. पेटी माझी, बर्फ माझा, मूर्खपणा माझा; सांगणार काय कपाळ? बाकावर मात्र आता मी रद्दी ठेवतो, कुणी बसू नये म्हणून. राग अजून गेलेला नाही. आणि दुपारी दुकानात बोलायला कुणी नसतं, हेही खरं.

अक्काचं प्लॅस्टर कधीच निघालं. हात मात्र पूर्वीसारखा वळत नाही, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताना दुखतो. तरी दर वेळी विचारते, "त्या देवमाणसाला जेवायला कधी आणतोस? उद्या साप निघाला तर कोणाला बोलवू?"

"आता नाही निघणार, अक्का."

"तुला काय माहीत!"

ती अजून भिते. न्हाणीत जाण्याआधी बाहेर चपला काढते, दारावर तीनदा टकटक करते आणि मोठ्यानं, भाऊंच्याच सुरात म्हणते, "घाबरू नका, पाव्हणा शे." मग जराशी हसते आणि आत जाते. मी बाहेर उभा असतो, तोंड मिटून.