गाईडला मोजत नाहीत

ईरा आणि निहार, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईराने एक प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही. "आजी, शेवटच्या वेळी बोलताना आजोबांनी मला ओळखलंच नाही. नुसतं म्हणाले, ताई, मागे राहू नका. असं का म्हणाले?" पोळ्या करायच्या आहेत असं सांगून मी फोन ठेवला. पोळ्या झालेल्या होत्या. तुमचे आजोबा गेले त्याला आता काही आठवडे झाले. घर आवरून झालं, येणारी-जाणारी माणसं थांबली, आणि आता मला सगळं क्रमाने सांगता येईल असं वाटतं. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. बाबांना शेजारी बसवा आणि त्यांच्याकडून वाचून घ्या. हे वर्तमानपत्रात देते आहे, कारण आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या एका गल्लीतसुद्धा असे विसरत चाललेले दोन-तीन म्हातारे आहेत. त्यांच्या घरच्यांनाही हे उपयोगी पडेल, कदाचित.

तुमच्यासाठी आजोबा म्हणजे प्रागचे आजोबा. ते तिथे कसे पोचले, हे तुम्हाला कोणी नीट सांगितलेलं नाही. तरुणपणी ते एका कारखान्यात शिकाऊ म्हणून त्या देशात गेले, तिथली भाषा शिकले आणि परत आले. इथे नोकरी लागली, आमचं लग्न झालं, तुमचे बाबा झाले. पुढे ती कंपनी बंद पडली. त्याच सुमारास आपल्याकडची माणसं टोळ्या करून युरोप बघायला निघू लागली होती, आणि मराठी, हिंदी, इंग्रजी आणि ती तिथली अवघड भाषा अशा चारही बोलणारा माणूस कुणाला तरी हवा होता. माझी शाळेतली नोकरी होती, सासूबाई अंथरुणाला होत्या. म्हणून ते एकटे गेले. एप्रिलमध्ये जायचे, ऑक्टोबर संपला की परत यायचे. नोव्हेंबरातली कोवळी उन्हं, बाजारातली संत्री, डिसेंबरात रामटेकला एक फेरी, एवढंच नागपूर त्यांच्या वाट्याला आलं. आमचा उन्हाळा त्यांनी वीस-बावीस वर्षं पाहिलाच नाही. "तुमच्या नागपुरात ऊन लय पडते म्हणतात," असं ते चिडवायचे, जसं काही हे गाव माझं एकटीचं होतं.

मी निवृत्त झाल्यावर एकदा तिकडे गेले. त्यांच्याच एका ग्रुपबरोबर फिरले, कारण सीझनमध्ये सुट्टी हा प्रकार त्यांना नव्हता. पहिल्याच सकाळी बसपाशी त्यांनी मला "मॅडम, तुमची सीट खिडकीपाशी" असं म्हटलं. दुपारी कोपऱ्यात गाठून विचारलं तर म्हणाले, "मंग काय म्हणू वं? कुसुम म्हटलं तर बाकीच्या बाया म्हणतील आमाले काहून नाही नावानं हाक मारत." अमरावतीच्या एका आजींना शेवटपर्यंत कळलं नाही की आम्ही नवरा-बायको आहोत. उलट शेवटच्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "गाईड तुमच्याशी जरा जास्तच गोड बोलते हो, जपून राहा."

त्या शहरात एक मोठं जुनं घड्याळ आहे. तासाचे ठोके पडायच्या आधी एक सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, खिडक्या उघडतात आणि मूर्ती फिरून जातात. सगळी गर्दी वर पाहत असते. आजोबा मात्र घड्याळाकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून उभे. हातात त्यांची ती संत्र्याच्या रंगाची छत्री, मिटलेली, उंच धरलेली. गाईडची छत्री उघडायची नसते. ती गर्दीत लांबून दिसावी म्हणून असते, पाऊस असो की ऊन. मी विचारलं, "तुम्ही कधीच वर बघत नाही?" म्हणाले, "मी वर पाहीन तर खिसेकापू कोन पाहीन?"

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. शहराच्या टोकाला एकसारख्या इमारतींमधली एक खोली, एक खाट, खिडकीपाशी पोह्यांचा डबा आणि शेंगदाण्यांची बरणी. घरात शिरले की ते बादलीत कोमट पाणी आणि मीठ घालून पाय सोडून बसायचे आणि बोलायचे नाहीत. दिवसभर बोलून आवाज बसलेला असायचा. शेजारच्या म्हातारीने दारातून काही विचारलं तर मानेनेच उत्तर. दिवसा शंभर गोष्टी सांगणारा माणूस रात्री भिंतीकडे बघत पोहे खातो, हे मी तिथे पाहिलं. आल्यावर कुणाला सांगितलं नाही. तुमच्या बाबांनाही नाही. त्यांना वडिलांचं सगळं छान चाललंय असं वाटत होतं, आणि छान चाललंय असं दाखवणं हाच तर आजोबांचा धंदा होता.

आता मोजण्याची गोष्ट. बस सुटण्याआधी, संग्रहालयातून बाहेर पडताना, जेवणानंतर ते माणसं मोजायचे. तिथले गाईड बोट दाखवून मोजतात. आजोबांना ते आवडत नसे, मेंढरं मोजल्यासारखं वाटतं म्हणायचे. ते हात पाठीमागे धरायचे आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचे, आपल्या आईने शिकवलं होतं तसं. तोंडाने हवापाण्याचं बोलणं चालू असायचं आणि पाठीमागे मोजणी. ही सवय कडक झाली ती एका प्रसंगानंतर. एकदा यवतमाळकडच्या एक अक्का पुलावर मागे राहून गेल्या. बस पुढे गेली, मग लक्षात आलं. आजोबा धावत परत आले तर अक्का ट्रामच्या थांब्यावर शांत बसलेल्या. चप्पल तुटली होती, ती मांडीवर घेऊन. रडल्या नाहीत, काही नाही. म्हणाल्या, "मले ठाऊक होतं, तुमी याल म्हून." ही गोष्ट ते दरवर्षी सांगायचे आणि सांगताना दरवेळी थांबायचे… कारण त्या बसल्या होत्या त्यापेक्षा चार पावलं पुढे रस्ता होता आणि त्यावरून ट्रामी धावत होत्या.

साथीच्या काळात पर्यटन थांबलं आणि ते कायमचे घरी आले. आधी नावं गेली, मग रस्ते. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की हे वाढतच जाणार. घरात आम्ही तिघंच, मी, ते आणि त्यांची धाकटी बहीण, तुमच्या बाबांची सुमनआत्या. एका संध्याकाळी मी तीन ताटं वाढली. ते उभे राहिले, हात पाठीमागे, अंगठा हलला, आणि चेहरा उतरला.

"एक माणूस कमी हाय."

"अहो, तिसरे तुम्ही."

"गाईडले मोजत नाहीत," ते म्हणाले. अगदी बरोबर होतं ते, त्यांच्या कामात. "ताटं तीन, माणसं दोन. मागं कोनीतरी राह्यलं." आणि चपला घालून फाटकाकडे निघाले.

हे रोजचंच झालं. दोनदा ते गल्लीच्या टोकापर्यंत पोचले. सुमन म्हणाली, "वैनी, फाटकाले कुलूप लाव वं. नाही तं एक दिवस हा ट्रकाखाली जाईन." डॉक्टरांचंही तेच मत होतं. पण कुलूप लावलं त्या रात्री त्यांनी जाळी धरून तासभर हाका मारल्या, मराठीत, मग त्या परक्या भाषेत, आणि मग नुसतं "थांबा, येतो" असं. कुलुपात ते जिवंत राहिले असते, पण असे. ते सुरक्षित राहावेत आणि त्यांना कैदी वाटू नये, या दोन्ही गोष्टी मला हव्या होत्या. दोन्ही एका वेळी मिळतात की नाही, हाच त्या वर्षाचा सगळा प्रश्न होता.

तोड काढली शेजारच्या वच्छलाबाईंनी. त्यांना मी यवतमाळच्या अक्कांची गोष्ट सांगितली होती. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी त्या फाटकातून आत आल्या, एक चप्पल हातात धरून, आणि मोठ्याने म्हणाल्या, "भाऊ, मी मागं राहून गेलती. चप्पल तुटली माही."

आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं. अंगठा पेरांवर फिरला. मग ते असे हसले की मला तो घड्याळाचा चौक आठवला. "काही हरकत नाही ताई. आता मागे राहू नका. चला, बसा." आणि जेवले. पोटभर जेवले. तिसऱ्या ताटावर ते स्वतः बसले आणि वच्छलाबाईंना चौथं वाढावं लागलं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. हिशेब एकदा जुळला होता, तेवढं त्यांना पुरे होतं. त्या दिवसापासून वच्छलाबाई रोज यायच्या. कधी स्वतःच्या घरी भाजी आवडीची असली तरी आमच्याकडे दोन घास खाऊन जायच्या. "तुह्या भाऊपायी माही कंबर रुंद होऊन राहिली," सुमनला म्हणायच्या. "सांग त्याले, एखांद दिवस हरवलेलीच राहू दे मले."

मग मे महिना आला. त्यांच्या डोक्यात मे म्हणजे सीझन. सकाळी उठून शर्ट खोचायचे, छत्री घ्यायचे, बस आली का विचारायचे. बाहेर पाहवत नाही असं ऊन, कूलरसुद्धा गरम हवा फेकणारा. त्यांना वाटायचं, प्रागमधली सकाळ आहे. अशाच एका दुपारी गल्लीत पाण्याचा टँकर आला. दोन दिवस नळ नव्हता. पाइप आत घ्यायला फाटक उघडं ठेवावं लागतं. गल्लीतली सगळी बाया-माणसं ड्रम आणि बादल्या घेऊन बाहेर, आरडाओरडा, पाइपची ओढाताण. त्या गर्दीतून ते निघून गेले. गर्दीतून वाट काढणं त्यांना आमच्यापेक्षा चांगलं येत होतं.

तळ्याजवळच्या सिटी बसच्या थांब्यावर ते सापडले. तिथल्या रसवंतीवाल्याने नंतर सांगितलं, की आजोबा उन्हात उभे राहून थांब्यावरच्या माणसांना तळं समजावून सांगत होते. दोघं-तिघं ऐकतही होते. बस आली, ती माणसं चढून गेली. आजोबा उभेच. "मी म्हटलं, आजोबा, सावलीत या. तं म्हणे, नाही, एक जण यायचा हाय, मी दिसलो पाह्यजे." त्याने रस दिला, तो त्यांनी हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत. गाईड ग्रुपच्या आधी काही खात-पीत नसतो. आणि त्यांच्या दुसऱ्या हातात छत्री होती. मिटलेली, उंच धरलेली. ती उघडली असती तर… पण ती उघडायची नसते, हे त्यांना माहीत होतं. बाकी सगळं विसरले, हे विसरले नाहीत.

ऊन लागलं होतं; दवाखान्यात नेलं, पण ताप उतरेना. बर्फ, सलाइन, पंखे, सगळं झालं. तुमच्या बाबांनी तिकीट काढलं होतं, पण विमान पोचायच्या आत संपलं. त्याआधी एकदा डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. कुसुम म्हणाले नाहीत.

"मॅडम, सगळे आले का?"

मी म्हटलं, "आले."

त्यांचा हात चादरीवर होता. अंगठा पहिल्या पेरावर गेला, दुसऱ्यावर गेला, आणि तिथे थांबला. सुमन पलीकडे उभी होती, मी अलीकडे. मला वाटतं, आम्ही दोघी मोजल्या गेलो होतो.

बुद्धविहारात पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, जुने पर्यटक आले, विदर्भातल्या कुठल्या कुठल्या गावांहून. कुणीकुणी फोटो आणले होते. पूल, घड्याळ, किल्ला, पुढे ओळीत उभी हसरी माणसं. एकाही फोटोत आजोबा नव्हते, कारण ते सगळे त्यांनीच काढलेले. एका फोटोच्या कडेला छत्रीचं टोक तेवढं दिसत होतं. विहारात ठेवायला शेवटी पासपोर्टचा फोटो मोठा करून घ्यावा लागला.

ईरा, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्यांनी तुला ओळखलं नाही, हे खरं आहे आणि मी ते गोड करून सांगणार नाही. ते तुला शोधत होते, असंही मी म्हणणार नाही. तू लांब राहतेस याचं ओझं तू घ्यायचं नाहीस. पण "मागे राहू नका" हे ते फक्त ग्रुपमधल्या माणसांना म्हणायचे. रस्त्यावरच्या कुणालाही नाही. तुझं नाव गेलं होतं, पण तू त्यांच्या ग्रुपमध्ये होतीस.

छत्री थांब्यावरच राहिली, नंतर मिळाली नाही. प्रागच्या खोलीत आता दुसरं कुणी राहतं. घरी आम्ही रात्री दोन ताटं वाढतो आणि माणसं दोनच असतात, मोजणी चुकत नाही. वच्छलाबाई अजून त्या वेळेला फाटकापाशी येतात, थोडा वेळ उभ्या राहतात आणि परत जातात. आणि रविवारी तुमचा फोन लागला, पडद्यावर तुम्ही सगळे दिसू लागलात, की माझा हात आपोआप पाठीमागे जातो. अंगठा पेरांवरून फिरतो. निहार, ईरा, बाबा, आई, आणि माझ्या शेजारी बसलेली सुमन. पाच. सगळे आले.

मी स्वतःला मोजत नाही.