दोन पावलांवरचे उगाकीसान

आमच्या बाजारगल्लीतल्या प्रत्येक माणसाचा तोंड उघडं असलेला फोटो उगाकीसानांच्या घरी आहे. कारण साधं आहे. ते फोटो काढतात तेव्हा समोरचा माणूस त्यांच्यावर ओरडत असतो.

उगाकी योसाबुरो, वय चौऱ्याहत्तर. ओसाकातल्या याच गल्लीत त्यांनी चाळीस वर्षं धुलाई-इस्त्रीचं दुकान चालवलं, लोकांच्या सुरकुत्या घालवल्या आणि दुकान बंद केल्यावर लोकांच्या सुरकुत्यांचेच फोटो काढायला निघाले. कॅमेऱ्यावर लेन्स एकच, पस्तीस मिलिमीटरची. काळा रंग उडून तिचं पितळ कधीच उघडं पडलं होतं. इतरांचं ती पाडायची. त्यांची बायको हयात असताना म्हणायची, "एक वेळ मला सोडतील, हिला नाही सोडणार."

त्या लेन्समधून माणूस नीट टिपायचा तर त्याच्यापासून दोन पावलांवर जावं लागतं. उगाकीसान जायचे. कुणी शिंकत असो, दात कोरत असो, नवऱ्याला झापत असो.

"अहो, तेलात पडाल!" कोरोक्के, म्हणजे बटाट्याच्या टिक्क्या, तळणाऱ्या किनुएबाई रोज सकाळी ओरडायच्या. "माझ्या हनुवट्या मोजायला आलात का?"

"दोनच दिसतायत."

"डोळे तपासून घ्या! तीन आहेत, आणि तिन्ही कष्टाच्या आहेत!"

खटक. भोवतीची गिऱ्हाइकं हसायची आणि हसल्याच्या संकोचानं दोन कोरोक्के जास्त घ्यायची. उगाकीसानांची न्याहारीही तिथेच, उभ्या उभ्या, शिव्यांबरोबर.

छापलेले फोटो ते सार्वजनिक न्हाणीघराच्या फळ्यावर लावत. मे महिन्यात त्यावर आमच्या गल्लीमंडळाचे अध्यक्ष मिझोबाता झळकले. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, हातात प्लास्टिक कचऱ्याची पिशवी, दिवस बुधवार. मागच्या भिंतीवर त्यांच्याच हस्ताक्षरातली सूचना: 'प्लास्टिक फक्त गुरुवारी. शेजाऱ्यांचा विचार करा.' त्या आठवड्यात काही लोक दिवसातून दोनदा आंघोळीला गेले.

मिझोबाता भांडायला गेले नाहीत. त्यांनी नियम लिहिला.

मंडळाच्या सूचनांचा कागद अडकवलेली पाटी घरोघर फिरते. वाचायची, आपल्या चौकोनात सहीऐवजी नावाचा शिक्का उमटवायचा आणि शेजारच्या दारात ठेवायची. यातलं पहिलं काम कुणीही करत नाही. माझ्या रोजनिशीत तीन जूनची नोंद आहे: 'पाटी आली. शिक्का दिला. वांगी केली.' त्या पाटीवर भूकंपाच्या सरावाची तारीख आणि गटारसफाई यांच्या मधोमध लिहिलं होतं, की गल्लीत फोटो काढणाऱ्याने माणसांपासून दहा मीटर लांब राहावे. अकरा घरं, अकरा शिक्के. सातवा खुद्द उगाकीसानांचा.

त्यांना हे कळलं ते मिझोबाता गुंडाळीची मोजपट्टी घेऊन किनुएबाईंच्या दुकानासमोर उभे राहिले तेव्हा.

"दहा मीटर, उगाकीसान."

"कुणी ठरवलं?"

"तुम्हीही ठरवलंत. हा तुमचा शिक्का. बघा तरी, किती सरळ उमटलाय!"

शिक्क्यापुढे आमच्याकडे कुणाचं काही चालत नाही.

दहा मीटरवरून त्या लेन्समध्ये किनुएबाई तांदळाच्या दाण्याएवढ्या दिसत. उगाकीसानांच्या नागोयाच्या लेकीनं लांबचं टिपणारी लेन्स पाठवली, चांगली मुळ्याएवढी. ती लावून ते न्हाणीघराच्या कोपऱ्यावर उभे राहिले, तर किनुएबाईंनी झारा तोंडासमोर धरला.

"हे काय पोलिसासारखं! जवळ असतात तर ओरडले तरी असते. तिथून कुठली हनुवटी घेताय, मला काय कळणार?"

त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंत माणसांची तोंडं मिटलेली आहेत, पासपोर्टसाठी बसल्यासारखी. उगाकीसानांनी मुळा कपाटात टाकला, पितळी लेन्स बिस्किटाच्या डब्यात ठेवली आणि घराबाहेर पडणंच सोडलं. न्याहारीलासुद्धा. पावसाळी दमट दिवस सुरू झाले. मी लोणच्याची वाटी घेऊन गेले तेव्हा दुपारी एक वाजता पडदे बंद होते.

"लेन्सला बुरशी लागेल," मी म्हटलं.

"लागू दे. मला लागलीच आहे."

हे ते हसत म्हणाले असते तर मी घरी जाऊन वांगी केली असती.

जुलैत पाटी लिहायची पाळी माझ्यावर आली. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या: खोटं बोलू नये आणि अक्षर बारीक पण सुवाच्य काढावं. मी दोन्ही पाळल्या. जुन्या बॅटऱ्या कुठे टाकाव्यात आणि डासांचं औषध कधी मारणार यांच्या मध्ये मी लिहिलं: 'जूनमधला फोटोंचा नियम रद्द. हरकत असल्यास शिक्का देऊ नये.'

पाटी पहिल्यांदा अध्यक्षांकडे जाते. मिझोबाता बेसबॉलचा सामना बघत होते. त्यांनी ती गुडघ्यावर ठेवून शिक्का मारला, वाकडा. चार दिवसांनी अकरा शिक्क्यांसह पाटी माझ्याकडे परत आली. उगाकीसानांचाही होता. तरी ते बाहेर पडेनात! दोन दिवस वाट पाहून मी पाटी घेऊन त्यांच्या दारात गेले.

"वाचा."

"शिक्का दिलाय की."

"म्हणूनच म्हणते, वाचा!"

चष्मा सापडायला वेळ लागला. त्यांनी ती ओळ वाचली. डबा उघडून त्यांनी लेन्स उजेडाकडे धरली. कडेला बुरशीचा एक बारीक धागा दिसत होता.

"चालेल," ते म्हणाले.

दुसऱ्या सकाळी मी पाटी घेऊनच कोरोक्के आणायला गेले. उगाकीसान कॅमेरा घेऊन कढईशी उभे होते.

"अगंबाई, जिवंत आहात!" किनुएबाई किंचाळल्या. "अहो, मागे व्हा, तेलात पडाल!"

महिनाभर साठलेला आवाज होता तो. गल्लीच्या टोकाला ऐकू गेला आणि मिझोबाता मोजपट्टी घेऊन धावत आले.

"दहा मीटर! दहा मीटर!"

मी दोन्ही हातांनी पाटी त्यांच्यापुढे धरली. त्यांची नजर त्या बारीक ओळीवर गेली, तिथून पहिल्या चौकोनातल्या आपल्याच वाकड्या शिक्क्यावर. त्यांचं तोंड उघडलं. उगाकीसान बरोबर दोन पावलांवर होते.

खटक.

तो फोटो सध्या न्हाणीघराच्या फळ्यावर आहे. मिझोबातांच्या हातून मोजपट्टी जिभेसारखी लोंबतेय. वरच्या कोपऱ्यात जरासं धुकं आहे, ते बुरशीचं. आणि कडेला मी आहे. हसताना तोंडावर हात धरावा, असंही सिस्टरांनी शिकवलं होतं. पण माझ्या दोन्ही हातांत पाटी होती.