बंपरचा पोचा

पनवेलहून तळोज्याला जाताना लागणाऱ्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तो मॉडेल गाड्यांचे चिमुकले आरसे, हँडलं, बंपर साच्यातून ओतून द्यायचा. मी त्याचं नाव विचारलं नाही. विचारलं असतं तरी वाक्य पुरं व्हायच्या आधीच तो "हां हां" म्हणाला असता. कशालाही त्याचं तेच उत्तर.

आईच्या वाढदिवसासाठी मी आमच्या जुन्या जीपचं वीतभर मॉडेल बनवत होतो. गाडी शिकताना आईने ती जीप नेरे गावातल्या एका फाटकावर घातली होती. बंपरला आलेला तो पोचा शेवटपर्यंत तसाच राहिला. मी मेणाचा बंपर कोरला, डोळे फोडून त्यात पोचाही उतरवला आणि साच्यासाठी याच्याकडे दिला.

"हा पोचा मुद्दाम ठेवलाय, तो..."

"हां हां."

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी गेलो. बुडबुडे निघावेत म्हणून तो कुणाचा तरी साचा गुडघ्यावर टकटक आपटत होता. माझा बंपर त्याने फुंकर मारून हातावर ठेवला. एकदम गुळगुळीत!

"अहो, पोचा कुठे गेला?"

"मेनात खड्डा व्हता, मी भरला. तुमच्या ध्यानात आला नाय वाटतं."

माझं डोकंच फिरलं. पण दुसरा कोरायला वेळ कुठे होता? तोच लावला.

आईला मॉडेल देताना मी चिडून सगळी हकीकत सांगितली. तिने बंपरवरून हळूच बोट फिरवलं.

"पोचा काढून आण म्हणून किती वर्षं तुझ्या मागे लागले होते," ती म्हणाली. "त्या माणसाला सांगावंही लागलं नाही बघ."