बशीतला कोष

कॉरिब सरोवरावर एप्रिलात होडी घालणाऱ्या कुणाचाही गळ बघा, त्यावर नोरी गॅननच्या हातचा कोष सापडेल. तळच्या गाळातून चिलटांचे कोष वर तरंगू लागले की ट्राउट मासे दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत. त्या कोषाची नक्कल रेशमी दोऱ्याने गळावर बांधावी ती नोरीनेच. अंग बारीक, मानेशी फुगीर, डोक्यावर पांढऱ्या लोकरीचा कणभर झुबका. माझी होडी तिच्याच जिवावर चालली, तेव्हा कौतुक मी करणारच.

तिचा एक नियम. मोसमातला पहिला ट्राउट लागला की त्याच्या पोटातलं बशीभर पाण्यात घालून तिच्यापुढे आणायचं. ते बघून ती रंग ठरवणार आणि गावभर तोच रंग चालणार. त्या रंगावर मासा लागला की खात्रीसाठी पुन्हा बशी आणायची.

यंदा बशी तिच्या नवऱ्याने, फेस्टीने आणली. नोरीने ती खिडकीशी नेली, बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, "काळे."

कोष हिरवे होते. मला दिसत होतं, फेस्टीलाही दिसत होतं. पण तिच्या नजरेबद्दल बोलायची दोघांचीही छाती झाली नाही.

"काळेच," फेस्टी म्हणाला. मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या होड्या रिकाम्या परतल्या. तिच्या स्वयंपाकघरात चहा पिताना मी ठोकून दिलं, "झकास चालले तुझे काळे. दोन-तीन लागले मला."

"मग बशी कुठंय?"

मी फेस्टीकडे बघितलं. तो पावाला लोणी लावत राहिला.

"दोघे बाप्ये मिळून मला वेड्यात काढता?" नोरी आवाज न चढवता म्हणाली. "डोळे गेले तर गेले म्हणा. बोटं आहेत अजून. पण लोक मागे म्हणणार, नोरीचं काम बिघडलं, आणि मला पत्ताच नाही. ते मला चालायचं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दोऱ्यांचा डबा फेस्टीपुढे सरकवला.

"आजपासून डोळे तुझे. बोल, कसा होता?"

"हिरवा."

"कुठला हिरवा? तुझ्या लग्नातल्या कोटाचा की होडीचा?"

"होडीचा. पण खालच्या अंगाचा, शेवाळ धरलेला."

"जमतं की तुला. आपल्या घरचे पडदे कुठल्या रंगाचे, ते जन्मात सांगता आलं नाही."

फेस्टीने रीळ निवडून दिलं आणि नोरी बांधत गेली. दोऱ्याचा प्रत्येक वेढा ती नखाने चाचपत होती. तिचा हात कुठे अडला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी फेस्टी बशी घेऊन आला. सकाळी नोरीचा गळ दोऱ्यासकट तोडून गिळलेला एक ट्राउट नंतर पुन्हा लागला होता, त्याच्या पोटातला तो गळही बशीत बाकीच्या कोषांत तसाच पडला होता.

"यातला तुझा कुठला, ओळख."

"मला दिसत नाही, माहितेय ना तुला?"

"मला दिसतं, तरी ओळखला नाही," म्हणत त्याने चिंधी गुंडाळलेलं बोट तिच्या हातात दिलं. "रुतला तेव्हा कळलं."

नोरीने ती चिंधी हलकेच चाचपली.

"लागलं का रे?"

"चांगलंच."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिने ते बोट बराच वेळ सोडलं नाही.