फ्रीजरमधलं झेंडूचं फूल

कार्डिफच्या युनिव्हर्सिटीत कॉलेज फुटबॉलचं एक छोटं म्युझियम आहे. तिथे मी साफसफाई करते. जुन्या लोकरी जर्सी, चामड्याचे बूट, शिवण उसवलेले चेंडू, काळवंडलेले कप. माझी शाळा सातवीतच सुटली, आणि आता रोज सकाळी, मागच्या दाराने का होईना, युनिव्हर्सिटीत शिरते. त्यांनी मला घेतलं हेच खूप, असं तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

तेव्हा नोकरी कच्ची होती. तीन महिने काम बघणार, मग ठरवणार.

त्यातच दसरा आला. मी व्हॅक्यूम क्लीनरवर झेंडूचं एक फूल ठेवलं. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हात जोडायचे, एवढंच. क्युरेटरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, खाणं आणायचं नाही, झाडं-फुलं आणायची नाहीत, त्यातून किडे येतात आणि जर्सी खातात. पण पूजेचं फूल त्यात मोडतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"हे कुणी ठेवलं?" बाई दारात उभ्या.

"मी. आज आमच्यात अवजारांची पूजा असते," मी माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हटलं.

त्यांनी फूल चिमटीत उचललं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद केली आणि मोठ्या फ्रीजरमध्ये टाकली. नवीन आलेल्या जर्सी किडे मारायला तिथेच ठेवतात. मग हात झटकून आपल्या कामाला निघून गेल्या.

घरी नवरा हसला. "अगं, पुरावा जपून ठेवलाय त्यांनी. आता कोर्टात उभी राहा."

"तुम्हाला थट्टा सुचतेय. काढून टाकलं तर?"

"फुलासाठी कोण काढतं?"

फ्रीजरचं झाकण काचेचं. रोज पुसताना ती पिशवी दिसायची. मी काच जरा घाईनेच पुसायचे.

तीन महिने भरले तेव्हा मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर तीच पिशवी. बसायच्या आधीच माझं दोनदा सॉरी म्हणून झालं.

"सॉरी कशाला?" बाई म्हणाल्या. "मरायचे ते किडे मेले. आता हे फूल इथे राहू शकतं. परत तिथेच ठेवायचं ना? की दिवस उलटून गेल्यावर चालत नाही?"

"चालतं," मी म्हटलं. खरं तर मला माहीत नव्हतं.

नोकरी पक्की झाल्याचं त्यांनी मग सांगितलं, कागद आवरता आवरता. तपकिरी पडलेलं ते फूल मी पिशवीसकट व्हॅक्यूम क्लीनरच्या दांड्याला बांधलं, प्लग लावला, आणि चेंडूंच्या कपाटाखालून सुरुवात केली.